पासफ्रेज काढू नका, एजंट नीट लावा: एडिटरमधून गिट वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी

टर्मिनलमध्ये गिट पुश केलं की एसएसएच कीचा (सर्व्हरला आपली ओळख पटवणाऱ्या फाइलचा) पासफ्रेज, म्हणजे तिला लावलेला लांब पासवर्ड, विचारला जातो, तो दिला की काम होतं. तेच व्हीएस कोडमधल्या सिंकच्या बटणावर क्लिक केलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'परमिशन डिनाइड' येतं. हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी इथे अडकले होते. शेजारच्या टेबलावरच्या दादाने सांगितलं, "पासफ्रेज काढून टाक, सगळे तसंच करतात." मी काढला, एरर गेला आणि मी तो विषय विसरले.

चार महिन्यांनी माझ्या रूममेटचा लॅपटॉप वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवरून गेला. सोलापूरची गाडी लागल्याची घोषणा झाली, धावपळीत बॅग बाकावर राहिली, पाच मिनिटांनी परत येऊन पाहिलं तर बाक रिकामा. तिच्याही कीला पासफ्रेज नव्हता. शनिवारचा अख्खा दिवस आम्ही वाकडच्या खोलीत बसून आठवत होतो, की ही की कुठे कुठे चालते? ऑफिसचे रेपो (गिटमधली कोडची फोल्डरं), क्लाएंटचा टेस्ट सर्व्हर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. रविवारी मी माझ्या कीला पासफ्रेज परत लावला आणि मूळ अडचण कुठे आहे ते समजून घ्यायला बसले.

अडचण पासफ्रेजमध्ये नव्हतीच. पासफ्रेज एकदा घेऊन उघडलेली की सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला एजंट म्हणतात. टर्मिनलला त्या एजंटचा पत्ता माहीत होता, एडिटरला नव्हता. हा लेख मुख्यतः तो पत्ता एडिटरपर्यंत पोहोचवण्याबद्दल आहे.

लिहिण्याच्या सोयीसाठी इथल्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

१. बसण्याआधी हाताशी काय हवं

गिट आणि ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचच्या कमांड देणारा प्रोग्राम. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्या, मॅक आणि बहुतेक लिनक्समध्ये ओपनएसएसएच आधीपासून असतं. तुमच्या गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेट खात्याचं लॉगिन आणि त्याची दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे फोन चार्ज केलेला असू द्या. विंडोजवर एकदा अ‍ॅडमिन अधिकार लागतील. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते नसतात, त्यामुळे आयटीवाल्यांकडे आधीच तिकीट टाकून ठेवा. आमच्याकडे त्यातच दोन दिवस गेले होते. पासवर्ड मॅनेजर असेल तर उत्तम, मग कीपास असो वा बिटवॉर्डन.

'एवढं करण्यापेक्षा एचटीटीपीएसवर पासवर्ड टाकून पुश करू' असं मनात येत असेल, तर गिटहबने तो रस्ता १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केला आहे. तिथे आता टोकन लागतं, आणि टोकन सांभाळणं हाही पासफ्रेज सांभाळण्याइतकाच व्याप आहे.

२. जुनी की आहे का ते आधी पाहा

तुमच्या होम फोल्डरमध्ये .एसएसएच नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यात आयडी_ईडी२५५१९ किंवा आयडी_आरएसए अशी फाइल दिसली तर की आधीच आहे. शेवटी .पब असलेली फाइल सार्वजनिक, ती कुणालाही देता येते. बिन-.पबची फाइल खासगी. ती ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपवर, 'जरा बघ ना काय चुकतंय' म्हणत कुणालाही पाठवायची नाही. टीम लीडने मागितली तरी नाही.

जुनी की आहे पण तिला पासफ्रेज नाही, असं असेल तर नवी की बनवायची गरज नसते. याच कीला पासफ्रेज लावता येतो:

एसएसएच-कीजेन -पी -एफ ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९

याने सार्वजनिक की बदलत नाही, त्यामुळे गिटहबवर काहीही पुन्हा चढवावं लागत नाही. एक सापळा मात्र इथे आहे. पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर या फाइलची जुनी प्रत पडली असेल, तर ती अजूनही उघडीच आहे. नवा पासफ्रेज त्या प्रतीला लागत नाही. ती प्रत शोधून पुसा. आणि फाइल कुणाच्या हाती लागल्याची शंका असेल तर पासफ्रेज बदलण्यात वेळ घालवू नका, ती की सरळ खात्यावरून काढा आणि नवी बनवा.

३. की बनवणं आणि पासफ्रेज निवडणं

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी "ऑफिस-लॅपटॉप"

इथला सी मोठा. त्यापुढचं नाव फक्त तुमच्या ओळखीसाठी असतं, पण ते नीट द्या. वर्षभराने गिटहबच्या यादीत चार की दिसतील तेव्हा कोणती कुठल्या यंत्रावरची ते यावरूनच कळेल. नाव दिल्यावर फाइल कुठे ठेवायची ते विचारलं जातं. तिथे एंटर दाबा, पण आधीच त्या नावाची फाइल असल्याचा इशारा आला तर थांबा. घाईने 'वाय' दाबून चालू की पुसली गेलेली मी पाहिली आहे.

मग पासफ्रेज दोनदा विचारला जातो. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं.

पासफ्रेज कसा असावा यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या बाबतीत इथे काही खास अडचणी येतात.

पासफ्रेज म्हणजे पाच-सहा शब्द, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही. शब्द डोक्यातून काढू नका. डोक्यातून काढलं की गाव, देव, मुलाचं नाव आणि जन्मसाल हेच बाहेर येतं. घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. असं सहा वेळा. कोथरूडचा पिनकोड, गाडीचा एमएच १२ नंबर, आरतीची ओळ, अभंगाचा चरण, हे सगळं टाळा. जी ओळ हजारो लोकांना पाठ आहे ती तुमचं गुपित होऊ शकत नाही.

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायला हरकत नाही, उलट आठवायला सोपं जातं. मात्र स्पेलिंग एकच असेल असे शब्द निवडा. 'पाऊस' आज एका ए-ने लिहाल आणि महिन्याने दोन ए-ने. 'तवा' व्ही-ने की डब्ल्यू-ने? 'डबा' एका बी-ने की दोन? तीनदा चुकेपर्यंत लक्षातच येत नाही, कारण पडद्यावर काही दिसत नाही. 'बटाटा', 'मटकी', 'पोपट' असे शब्द बरे, ते बहुतेक सगळे एकाच तऱ्हेने लिहितात. हेच तीन मात्र वापरू नका, ते आता इथे छापले गेले.

आणि पासफ्रेज देवनागरीत ठेवू नका. मला ही कल्पना फार आवडली होती, म्हणून करून पाहिली. अडचण अशी की दिसायला एकच असलेलं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. 'ऱ' हे एकच अक्षर म्हणूनही येतं आणि 'र' अधिक खालचा नुक्ता असंही येतं. एक कीबोर्ड पहिली तऱ्हा वापरतो, दुसरा दुसरी. तुमच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कीच्या कुलपाला ते दोन वेगळे पासफ्रेज वाटतात. घरच्या लॅपटॉपवर लावलेलं कुलूप ऑफिसच्या कीबोर्डने उघडत नाही आणि कारणही सापडत नाही.

आणखी भक्कम हवं असेल तर की बनवताना '-ए १००' जोडा. पासफ्रेज तपासण्याचं गणित त्यामुळे जास्त वेळा करावं लागतं. तुम्हाला क्षणभर थांबावं लागेल, पण चोरलेल्या फाइलवर लाखो अंदाज लावणाऱ्याला दर अंदाजामागे तेवढंच थांबावं लागेल.

४. सार्वजनिक की चढवा आणि आधी टर्मिनलमधून तपासा

.पब फाइलमधली अख्खी ओळ कॉपी करून खात्याच्या सेटिंगमध्ये एसएसएच की या विभागात चिकटवा. मग:

एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम

इथला टी मोठा. पहिल्या वेळी सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या कीची छोटी ओळखखूण, दाखवून 'यस' की 'नो' विचारलं जातं. गिटहब आपले खरे फिंगरप्रिंट स्वतःच्या मदत पानांवर देतं. ते पान उघडून जुळवा, मग 'यस' लिहा. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट की, म्हणजे सर्व्हरची स्वतःची की, बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत उघडा पडला होता. असं काही झालं की अनेकांच्या पडद्यावर मोठा इशारा येतो. तेव्हा इशारा घालवण्याची कमांड शोधण्याआधी फिंगरप्रिंट जुळवायची सवय असलेली बरी.

सगळं नीट असेल तर तुमचं युजरनेम घेऊन स्वागत होतं आणि शेल, म्हणजे तिथे कमांड चालवायची जागा, मिळणार नाही असं सांगितलं जातं. हा एरर नाही, काम झालं.

कनेक्शन नुसतंच लटकत राहिलं तर बहुधा त्या नेटवर्कवर पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचा नेहमीचा दरवाजा, बंद आहे. हॉस्टेल आणि कॉलेजच्या वायफायवर हा अनुभव नेहमीचा. फोनच्या हॉटस्पॉटवर चाललं तर खात्री झाली. गिटहबसाठी एसएसएच.गिटहब.कॉम हा पत्ता पोर्ट ४४३ वर चालतो. .एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबच्या नावाखाली होस्टनेम आणि पोर्ट तसे लिहा.

टर्मिनलमधून हे जमेपर्यंत एडिटर उघडू नका. दोन्हीकडे एकदम शोधत बसलं की काय कशामुळे सुटलं तेच कळत नाही.

५. एजंट चालू करा

मॅकवर हे सगळ्यात सोपं. कॉन्फिग फाइलमध्ये 'होस्ट *' (म्हणजे सगळे सर्व्हर) या ओळीखाली 'अ‍ॅडकीजटूएजंट यस', 'यूजकीचेन यस' आणि आयडेंटिटीफाइल म्हणून कीचा मार्ग लिहा. मग एकदाच:

एसएसएच-अ‍ॅड --अ‍ॅपल-यूज-कीचेन ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९

पासफ्रेज मॅकच्या कीचेनमध्ये, म्हणजे त्याच्या पासवर्डच्या तिजोरीत, जातो आणि एडिटर आयकॉनवरून उघडला तरी त्याला एजंट सापडतो. जुन्या लेखांत इथे '-के' (के मोठा) सांगितलेलं दिसेल, ती पद्धत आता मागे पडली आहे. होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) बसवलेलं एसएसएच वापरत असाल तर 'यूजकीचेन' त्याला कळत नाही आणि ते अडून बसतं. कॉन्फिगमध्ये त्या ओळीच्या वर 'इग्नोरअननोन यूजकीचेन' लिहिलं की प्रश्न मिटतो.

विंडोजवर एजंट असतो, पण बंद अवस्थेत. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि:

सेट-सर्व्हिस एसएसएच-एजंट -स्टार्टअपटाइप ऑटोमॅटिक
स्टार्ट-सर्व्हिस एसएसएच-एजंट

मग साध्या पॉवरशेलमध्ये एसएसएच-अ‍ॅड आणि पुढे कीचा मार्ग. विंडोजचा एजंट की तुमच्या लॉगिनशी बांधून साठवून ठेवतो, रीस्टार्टनंतरही. म्हणजे इथे तुमचा विंडोजचा पासवर्ड हाच खरा पहारेकरी. जेवायला उठताना स्क्रीन लॉक करा.

विंडोजवर नवीन माणूस हमखास चुकतो ती जागा आता येते. यंत्रावर एसएसएच दोन असतात. एक विंडोजचं, दुसरं गिटबरोबर आलेलं. तुम्ही की एका घरात ठेवता आणि गिट दुसऱ्या घराचं दार वाजवत बसतं. ओळखायचं कसं? पॉवरशेलमध्ये 'एसएसएच-अ‍ॅड -एल' चालवा, की दिसेल. तीच कमांड गिट बॅशमध्ये, म्हणजे गिटबरोबर आलेल्या टर्मिनलमध्ये, चालवा. तिथे एजंटशी संपर्क होत नाही असं उत्तर आलं, तर हाच घोटाळा. उपाय एका ओळीचा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एसएसएचकमांड "सी:/विंडोज/सिस्टम३२/ओपनएसएसएच/एसएसएच.ईएक्सई"

यात 'कोअर' म्हणजे सी-ओ-आर-ई. तिरक्या रेघा पुढे झुकलेल्याच ठेवा, उलट्या रेघांनी मार्ग बिघडतो. गिट नव्याने बसवत असाल तर इन्स्टॉलर बाहेरचं ओपनएसएसएच वापरायचं का ते विचारतो, तिथेच हो म्हणा.

लिनक्सवर, उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर तरी, लॉगिनबरोबर एजंट आपोआप सुरू झालेला असतो. तिथे आपणच तो बिघडवतो. कुठूनतरी 'इव्हॅल' ने सुरू होणारी, नवा एजंट चालू करणारी ओळ उचलून .बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, टाकली जाते. मग प्रत्येक नवं टर्मिनल स्वतःचा वेगळा, रिकामा एजंट उघडतं. एकात की घातली तर दुसऱ्याला पत्ता नसतो आणि एडिटरला तर नसतोच. ती ओळ काढा, लॉगआउट करून परत या, एसएसएच-अ‍ॅड चालवा. दिवसभरापुरतीच की उघडी हवी असेल तर 'एसएसएच-अ‍ॅड -टी ८एच' असं सुरू करून पुढे कीचा मार्ग द्या, आठ तासांनी एजंट ती आपोआप विसरतो. ऑफिसमध्ये मी हेच करते.

विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये काम करत असाल तर ते वेगळं लिनक्स समजा. बाहेरच्या विंडोजचा एजंट त्याला आपोआप दिसत नाही. आत कीचेन नावाचं (मॅकच्या कीचेनहून वेगळं) छोटं पॅकेज बसवलं की सगळ्या टर्मिनलना एकच एजंट मिळतो आणि यंत्र चालू केल्यावर एकदाच पासफ्रेज द्यावा लागतो.

६. एडिटरला एजंटचा पत्ता द्या

एजंटचा पत्ता एसएसएच_ऑथ_सॉक नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नोंदीत, असतो, सगळी अक्षरं मोठी. मॅक आणि लिनक्सवर एडिटर हा पत्ता आपल्या जन्माच्या वेळी घेतो. नंतर टर्मिनलमध्ये काहीही केलं तरी आधीच चालू असलेल्या एडिटरला ते कळत नाही.

म्हणून पहिली चाचणी: व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करा. खरंच सगळ्या, कारण एक जरी उघडी राहिली तर नवी खिडकी त्याच जुन्या प्रक्रियेला जाऊन चिकटते. मग जिथे 'एसएसएच-अ‍ॅड -एल' ला की दिसते त्याच टर्मिनलमधून, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन, 'कोड .' ने एडिटर उघडा. आता सिंक चालला तर दोष फक्त पत्त्याचा होता आणि पाचव्या पायरीवर तुमच्या यंत्रासाठी दिलेला उपाय पुन्हा नीट तपासायचा. तरीही नाही चालला, तर आउटपुट पॅनेलमध्ये 'गिट' निवडा. एडिटरने नेमकी कोणती कमांड चालवली आणि काय उत्तर आलं ते तिथे शब्दशः असतं. खालच्या कोपऱ्यातल्या त्रोटक निरोपावर विसंबू नका.

व्हीएस कोडच्या अलीकडच्या आवृत्त्या वरच्या पट्टीत पासफ्रेज विचारतात, जुन्या विचारायच्या नाहीत, नुसत्या अडून राहायच्या. तेव्हा आधी अपडेट करा. पण ती पट्टी म्हणजे एजंट नव्हे. गिटचं ऑटोफेच, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आपोआप आणणं, चालू असेल तर ते मूळ सेटिंगप्रमाणे दर १८० सेकंदांनी सर्व्हरकडे जातं, आणि एजंट नसेल तर दर तीन मिनिटांनी पासफ्रेज मागत बसतं. याच त्रासाला कंटाळून बरेच जण पासफ्रेज काढतात. तुम्ही एजंट लावा, नाहीतर तोवर ऑटोफेच बंद ठेवा.

इंटेलिजे, पायचार्म, अँड्रॉइड स्टुडिओ ही मंडळी स्वतःची खिडकी उघडून पासफ्रेज विचारतात आणि लक्षात ठेवू का असंही विचारतात. हो म्हणण्याआधी सेटिंगमध्ये 'पासवर्ड्स' शोधा आणि ते ऑपरेटिंग सिस्टमच्या कीचेनमध्ये की कीपास फाइलमध्ये साठवले जातात ते पाहून घ्या.

७. दोन खाती, दोन की

ऑफिसचं आणि स्वतःचं गिटहब एकाच लॅपटॉपवर असेल तर एजंटमध्ये दोन की राहतात आणि चुकीची पुढे जाते. एरर 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' असा येतो, म्हणून माणूस रेपोचं नाव तपासत बसतो. कॉन्फिगमध्ये प्रत्येक खात्याला वेगळं टोपणनाव द्या, त्याखाली आयडेंटिटीफाइल आणि 'आयडेंटिटीजओन्ली यस' लिहा, आणि रेपोच्या रिमोट पत्त्यात गिटहब.कॉमच्या जागी ते टोपणनाव टाका. की सहा-सात झाल्या तर 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' येतं. उपाय तोच.

'फॉरवर्डएजंट यस', म्हणजे तुमचा एजंट दूरच्या सर्व्हरवरूनही वापरू देणारी ओळ, 'होस्ट *' खाली कधीच लिहू नका. ज्या सर्व्हरवर तुम्ही जाल तिथला रूट (सर्वोच्च) अधिकार असलेला माणूस, तुम्ही जोडलेले असेपर्यंत, तुमचा एजंट वापरू शकतो.

८. पासफ्रेज विसरलात तर, आणि नोकरी सोडताना

विसरलेला पासफ्रेज परत मिळवायची सोय नाही. गिटहबकडेही तो नसतो, त्यांच्याकडे फक्त सार्वजनिक की असते. नवी की बनवा, वेबसाइटवरून लॉगिन करून चढवा, जुनी तिथून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, घाबरू नका.

नोकरी सोडताना किंवा लॅपटॉप परत करताना 'एसएसएच-अ‍ॅड -डी' ने, यातला डी मोठा, एजंट रिकामा करा, .एसएसएच फोल्डरमधल्या खासगी की पुसा आणि त्यांच्या सार्वजनिक जोड्या प्रत्येक खात्यावरून काढा.

प्रत्येक खात्यावरून म्हणजे कुठून कुठून, हे त्या शनिवारी आम्हाला आठवत नव्हतं. म्हणून आता पासवर्ड मॅनेजरमध्ये माझी एक नोंद आहे: कीचं नाव, कोणत्या यंत्रावर, कधी बनवली, आणि तिची .पब कुठे कुठे चढवली. नवीन सर्व्हरवर की टाकली की त्याच बैठकीत एक ओळ वाढवायची. तुमची की आज बनवून झाली असेल तर पहिली ओळ आत्ताच लिहून ठेवा.